प्राणिसंग्रहालयात मुले केव्हा आली?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईत राणीची बाग आणि पुण्यात कात्रजचे प्राणिसंग्रहालय माणसांनी फुलून जाते. सकाळी लवकर निघायचे, डबा आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर घ्यायच्या, आधी वाघ की आधी पाणघोडा यावरून वाद घालायचा आणि धाकटे भावंड कडेवर झोपी गेले की परत फिरायचे. हा कार्यक्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की प्राणिसंग्रहालये मुलांसाठीच निर्माण झाली असावीत असे वाटते. शाळेच्या सहलींच्या यादीतही त्यांचा क्रमांक वरचा असतो.

इतिहास मात्र तसा नाही. मुले तिथे बऱ्याच उशिरा आली. ती आल्यावर प्राणिसंग्रहालयांचे रूप बदलले आणि त्या बदलाचे ओझे, अगदी शब्दशः पाठीवरचे ओझे, काही प्राण्यांना वाहावे लागले. सहल नेणाऱ्या शिक्षकांना हा इतिहास माहीत असलेला बरा. पिंजऱ्यापुढे उभी राहून मुले जे प्रश्न विचारतात, त्यांतल्या पुष्कळांची उत्तरे प्राणिशास्त्राच्या पुस्तकात नसून या इतिहासात आहेत.

प्राणी बाळगणे हा पूर्वी राजांचा षोक होता. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, तसाच लंडनच्या टॉवरमध्ये इंग्लंडच्या राजांचा होता. तेथे १२५२ साली नॉर्वेहून एक पांढरे अस्वल भेट म्हणून आले. त्याला लांब दोर बांधून टेम्स नदीत मासे पकडायला सोडत असत. पुढे सामान्य लोकांनाही टॉवरमध्ये प्रवेश मिळू लागला. अठराव्या शतकात तिकिटाचे पैसे नसतील तर सिंहाला खाऊ घालण्यासाठी एखादे कुत्रे किंवा मांजर आणून दिले तरी चालत असे, असे सांगतात. व्हिएन्नाचे शॉनब्रुन प्राणिसंग्रहालय १७५२ साली सम्राटाने आपल्या राजवाड्याच्या आवारात उभारले. ते आजही चालू आहे आणि चालू असलेल्या प्राणिसंग्रहालयांत सर्वांत जुने मानले जाते. १७९३ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसच्या वनस्पतिउद्यानाला लागून प्राणिसंग्रहालय सुरू झाले. राजाचे उरलेसुरले प्राणी व्हर्साय येथून तेथे आले, म्हणजे राजाची मालमत्ता जनतेची झाली.

आजच्या अर्थाने ज्याला आपण प्राणिसंग्रहालय म्हणतो त्याचा साचा घडला तो लंडनमध्ये. १८२६ साली तेथे प्राणिशास्त्रीय संस्था स्थापन झाली आणि १८२८ साली रीजंट्स पार्कमधील तिची बाग उघडली. संस्थेचा हेतू अभ्यासाचा होता. निरनिराळ्या देशांतले प्राणी एकत्र ठेवावेत, त्यांची रचना व सवयी तपासाव्यात, त्यांतले काही इंग्लंडमध्ये रुजवता आले तर पाहावे, असा तो बेत होता. आत जाता येई ते सभासदांना. बाहेरच्या माणसाला सभासदाची चिठ्ठी आणि वर एक शिलिंग द्यावा लागे. सभासद आपल्या मुलाबाळांना घेऊन येत, नाही असे नाही. पण बाग त्यांच्यासाठी आखलेली नव्हती.

या सुरुवातीच्या काळात तेथे येणाऱ्यांपैकी एकाची नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. १८३८ सालच्या मार्च महिन्यात २९ वर्षांचा चार्ल्स डार्विन तेथे जेनी नावाची ओरांगउटान पाहायला गेला. तिच्यासाठी वेगळे घर नव्हते. जिराफांचे घर उबदार ठेवलेले असे, तेथेच तिला ठेवले होते. रखवालदाराने तिला सफरचंद दाखवले, पण दिले नाही. त्यावर जेनी उताणी पडली, पाय झाडू लागली आणि हट्टी मुलासारखी रडू लागली. डार्विनने हे बहिणीला पत्रातून कळवले. मग तो पुन्हा गेला. या वेळी त्याने बरोबर मौथ ऑर्गन, पेपरमिंट आणि आरसा नेला होता. जेनी काय हुंगते, कशाने चमकते, आरशातल्या आपल्या प्रतिमेकडे कशी पाहते, हे त्याने टिपून ठेवले. दुसऱ्याच वर्षाच्या अखेरीस त्याला पहिला मुलगा झाला. त्याच्याही तशाच नोंदी त्याने ठेवल्या. तो केव्हा रागावतो, केव्हा हसतो, आरशापुढे धरल्यावर काय करतो, हे सारे त्यांत होते. बाळाविषयीच्या या नोंदी १८७७ साली एका लेखाच्या रूपाने छापल्या गेल्या आणि बालमानसशास्त्राच्या आरंभीच्या लेखनात आज त्यांची गणना होते. पिंजऱ्यातली जेनी आणि पाळण्यातले बाळ यांच्याकडे एकाच नजरेने पाहणारा हा पहिला बाप असावा.

१८४२ साली त्याच बागेत जेनी नावाचीच दुसरी ओरांगउटान राणी व्हिक्टोरियाने पाहिली. ती चहा करून पीत होती. राणीला ते दृश्य नकोसे वाटले. प्राणी इतका माणसासारखा असावा हेच तिला खटकले. एकाच बागेतून एकजण कुतूहल घेऊन बाहेर पडतो आणि दुसरी व्यक्ती किळस घेऊन. आपल्या वर्गातही असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतात.

अभ्यासाने पोट भरत नाही हे संस्थेच्या लवकरच लक्षात आले. सभासद कमी झाले, प्राण्यांचा खर्च मात्र कमी होईना. शेवटी १८४७ साली बाग सर्वांसाठी उघडली आणि पुढे सोमवारचे तिकीट निम्म्यावर, म्हणजे सहा पेन्सवर, आणले गेले. कारकून, कारागीर, दुकानदार आपापली बिऱ्हाडे घेऊन येऊ लागले. कौटुंबिक सहलीचा जन्म हा असा हिशेबाच्या वहीत झाला. १८५० साली नाईल नदीतून पकडून आणलेले ओबेश नावाचे पाणघोड्याचे पिल्लू बागेत दाखल झाले. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिलाच जिवंत पाणघोडा होता. १८४९ साली बागेला सुमारे १ लाख ६९ हजार लोकांनी भेट दिली होती. ओबेशच्या वर्षी हा आकडा ३ लाख ६० हजारांवर गेला. ओबेश बहुतेक वेळ झोपलेला असे. तरीही लोक रांगा लावत.

आलेल्या गर्दीला नुसते पाहून समाधान नसते, तिला काहीतरी करायचे असते. मुलांना तर हात लावल्याशिवाय राहवतच नाही. बागेत अस्वलांचा एक खड्डा होता आणि त्याच्या मधोमध एक उंच खांब. अस्वले खांबावर चढत आणि कठड्यापाशी उभे असलेले लोक काठीच्या टोकाला पाव लावून त्यांच्यापुढे धरत. पाव विकणारी बाई जवळच बसलेली असे. आपल्याकडे पिंजऱ्याबाहेर शेंगदाण्याच्या पुड्या विकल्या जात, त्याचा हा पूर्वावतार म्हणायला हरकत नाही.

आणि मग जम्बो आला. आफ्रिकेत पकडलेले हे हत्तीचे पिल्लू आधी पॅरिसला होते. १८६५ साली अदलाबदलीत ते लंडनला आले. वाढता वाढता जम्बो प्रचंड झाला आणि त्याच्या पाठीवर हौदा चढला. मॅथ्यू स्कॉट या रखवालदाराच्या देखरेखीखाली तो मुलांना घेऊन बागेत फेऱ्या मारी. पाठीवरून उतरलेली मुले त्याच्या सोंडेत पाव ठेवत. जवळजवळ सतरा वर्षे हे चालले. इंग्लंडमधल्या एका पिढीच्या बालपणातली मोठी आठवण म्हणजे जम्बोवरची रपेट.

दिवसा इतका गरीब असणारा हा हत्ती रात्री मात्र पिसाळल्यासारखा वागे. भिंतींना धडका देई. धडका देऊन त्याने आपले सुळे मोडून घेतले. तो माजावर येत असावा अशी शंका बागेचे व्यवस्थापक बार्टलेट यांना होती आणि त्यांच्या मनात धास्ती बसली. मुले पाठीवर असताना काही झाले तर? १८८२ साली त्यांनी जम्बोला बार्नम या अमेरिकन सर्कसवाल्याला २,००० पौंडांना विकून टाकले. इंग्लंडभर हलकल्लोळ झाला. हजारो शाळकरी मुलांनी राणीला पत्रे लिहिली, काही सभासद कोर्टात गेले. पण जम्बो गेला तो गेलाच. १८८५ साली कॅनडात सर्कशीच्या मुक्कामी रेल्वेच्या धडकेने तो मेला. तेव्हा तो साधारण २४ वर्षांचा होता. ‘जम्बो’ हा शब्द तेवढा मागे राहिला. तो विमानाला लागला, सर्कशीला लागला आणि आपल्याकडे वडापावलाही लागला.

गोष्ट इथे संपत नाही. जम्बोचा सांगाडा न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. २०१७ साली एका माहितीपटाच्या निमित्ताने शास्त्रज्ञांनी तो पुन्हा तपासला. गुडघ्यांच्या आणि कमरेच्या सांध्यांवर त्यांना अशी झीज आढळली की ती चाळिशी-पन्नाशीच्या हत्तीला शोभावी. वर्षानुवर्षे पाठीवर ओझे वाहिल्याचा तो परिणाम होता. दातांची स्थिती याहून बोलकी होती. हत्तीच्या तोंडात दाढा एकामागून एक, सहा खेपांनी येतात. पुढची दाढ झिजून गळते तेव्हा मागची सरकून तिची जागा घेते. ही झीज व्हायला साल, फांद्या, काटेरी झुडपे असे राठ खाणे लागते. जम्बोला मिळाले ते मऊ गवत आणि मुलांच्या हातचे पाव. त्यामुळे पुढची दाढ झिजली नाही, मागची मात्र ढकलत राहिली, आणि दाढा वेड्यावाकड्या झाल्या. रात्रीच्या त्या थैमानामागे माजाइतकेच दातदुखीचेही कारण असावे असे हे शास्त्रज्ञ मानतात. ज्या पावांची आठवण त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत जपली, त्यांचा दुसरा अर्थ १३० वर्षांनी असा उलगडला. मुलांचा यात काही दोष नव्हता. हत्ती काय खातो हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

असाच दुसरा एक पुरावा लंडनमध्येच आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी कॅनडाच्या सैन्यातल्या एका पशुवैद्याने विनिपेग नावाचे अस्वलाचे पिल्लू बरोबर आणले होते. आघाडीवर जाताना त्याने ते बागेत ठेवले आणि १९१९ साली कायमचेच देऊन टाकले. ही अस्वलीण इतकी माणसाळलेली होती की मुलांना तिच्या पिंजऱ्यात जाऊ देत. लेखक ए. ए. मिल्न यांचा छोटा मुलगा ख्रिस्तोफर रॉबिन तिचा लाडका पाहुणा होता. त्याने आपल्या खेळण्यातल्या अस्वलाला तिचे नाव दिले आणि त्यातून १९२६ साली ‘विनी द पूह’ हे जगप्रसिद्ध पुस्तक जन्मले. विनी १९३४ साली मेली. तिची कवटी लंडनच्या शल्यविशारदांच्या संग्रहालयात होती आणि २०१५ साली ती लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली. तिचे बरेच दात गळलेले होते आणि हिरड्यांचा जुनाट आजार हाडापर्यंत पोचला होता. वय हे त्याचे एक कारण असेलच, पण पाहुण्यांच्या हातचे गोडधोड हेही असावे. जम्बो आणि विनी हे मुलांचे सर्वांत आवडते दोन प्राणी आणि दोघांच्याही तोंडाची ही अवस्था.

या इतिहासातले एक पान वगळण्याचा मोह होतो. पण वगळणे बरोबर नाही. हँबुर्गचे कार्ल हागेनबेक हे प्राण्यांचे मोठे व्यापारी होते. १८७४ साली त्यांनी युरोपच्या उत्तर टोकाकडून रेनडिअर आणवले आणि त्यांच्याबरोबर सामी लोकांची काही माणसेही आणली. त्यांत लहान मुलेसुद्धा होती. ही माणसे तंबू ठोकत, रेनडिअरचे दूध काढत, मुलांना पाजत, आणि हँबुर्गमधली कुटुंबे तिकीट काढून ते पाहत. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना मुले होती. असे खेळ मग युरोपभर होऊ लागले. १९०६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या कांगोतील तरुणाला माकडांच्या घरात, एका ओरांगउटानच्या सोबतीने, ठेवण्यात आले. सुट्टीच्या दिवशी हजारो माणसे मुलाबाळांसह त्याला पाहायला लोटली. याला विरोध करायला पुढे आले ते कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. त्यांचे एक पुढारी जेम्स गॉर्डन हे ब्रुकलिनमध्ये कृष्णवर्णीय मुलांचा अनाथाश्रम चालवत. त्यांच्या प्रयत्नांनी ओटा बेंगाची सुटका झाली आणि तो काही काळ त्या आश्रमातच राहिला. मायदेशी परतणे त्याला जमले नाही. १९१६ साली त्याने आत्महत्या केली. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२० साली, म्हणजे ११४ वर्षांनी. आईबापांनी बोट दाखवून ‘तो बघ’ म्हटले की मूल बघते. काय बघावे हे ते ठरवत नाही.

याच हागेनबेक यांनी १९०७ साली हँबुर्गजवळ गजांशिवायचे प्राणिसंग्रहालय उभारले, हेही सांगितले पाहिजे. सिंह आणि प्रेक्षक यांच्यामध्ये गज न ठेवता त्यांनी खंदक ठेवला. सिंहाला किती लांब उडी मारता येते हे आधी पाहून खंदकाची रुंदी ठरवली. आपल्याकडच्या नव्या प्राणिसंग्रहालयांत दिसणारे खंदक ही त्याचीच नक्कल आहे. मात्र गज गेले म्हणजे प्राण्याला जागा जास्त मिळालीच असे नाही. पुष्कळदा त्यामुळे पाहणाऱ्याचा जीव तेवढा हलका होतो, असे आम्हाला वाटते.

विसाव्या शतकात प्राणिसंग्रहालयांनी मुलांना उघडउघड आपले गिऱ्हाईक मानले. लंडनला १९२६ पासून चिंपँझींची चहापार्टी सुरू झाली. टेबल, खुर्च्या, किटली, कपबश्या आणि अंगात कपडे घातलेली चिंपँझींची पिल्ले, असा तो थाट असे. सांगतात की पिल्ले थोड्याच दिवसांत इतक्या शिस्तीने चहा पिऊ लागली की प्रेक्षकांना मजा येईना, म्हणून त्यांना मुद्दाम सांडलवंड करायला शिकवावे लागले. १९३८ साली तेथे खास मुलांसाठी वेगळा विभाग निघाला. चहापार्टी बंद झाली ती १९७२ साली. तोवर जेन गुडॉल यांनी १९६० पासून गोम्बेच्या जंगलात केलेल्या निरीक्षणांमुळे चिंपँझी खरोखर कसा जगतो हे जगाला कळू लागले होते. आईपासून तोडून माणसांत वाढवलेल्या पिल्लांना पुढे आपल्या जातभाईंशी धड जमवून घेता येत नाही, हेही दिसून आले.

आपल्याकडे काय झाले? राणीची बाग १८६२ साली उघडली तेव्हा ती मुख्यतः झाडाफुलांची बाग होती. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. जुनी मोठी झाडे ही तिची खरी श्रीमंती. सहलीत ती कुणी पाहत नाही. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला आणि म्हणूनच इथे राहिला. मुले त्याच्याभोवती खुशाल धावतात आणि त्याला त्रास होत नाही.

अभ्यासाची परंपरा आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. कलकत्त्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयाचे पहिले भारतीय व्यवस्थापक रामब्रह्म सन्याल प्राण्यांच्या खाण्याच्या, आजारांच्या, पिलांच्या रोजच्या नोंदी ठेवत. त्यांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८९२ साली निघाला. १८८९ साली अलिपूरला सुमात्रा गेंड्याचे पिल्लू जन्मले. बंदिवासात या जातीचे पिल्लू पुन्हा जन्मून वाढायला २००१ साल उजाडावे लागले, तेही अमेरिकेतल्या सिनसिनाटीत. सन्यालांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे होते.

लोकांना मात्र रपेट आणि शेंगदाणेच हवे होते. कितीतरी भारतीय प्राणिसंग्रहालयांत हत्तीवर बसवून मुलांना फिरवत. कायदा हळूहळू बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. प्राण्यांना चिडवणे, खायला घालणे, आवाज करून त्रास देणे हा तेव्हापासून नुसता असभ्यपणा राहिला नाही, तो गुन्हा ठरला. २००९ साली प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतले हत्ती हलवून त्यांना मोकळ्या जागी, वनखात्याच्या छावण्यांसारख्या ठिकाणी ठेवण्याचा आदेश काढला. लंडनच्या बागेने तर २००१ सालीच आपले हत्ती गावाबाहेरच्या व्हिप्सनेड येथील मोठ्या आवारात पाठवले होते. जम्बोच्या जागी आज तिथे हत्ती नाही.

मग सहलीला गेल्यावर काय पाहावे? आमची सूचना अशी की सगळे पिंजरे पाहण्याचा हट्ट धरू नये. चार-पाच मुलांचा एक गट करावा आणि प्रत्येक गटाने एकाच प्राण्यासमोर वही घेऊन अर्धा तास थांबावे. वाघ किंवा अस्वल येरझाऱ्या घालत असेल तर त्या मोजाव्यात. वळताना तो दर वेळी त्याच जागी, त्याच बाजूने वळतो का? दहा मिनिटांत किती फेऱ्या? गर्दी वाढली की फेऱ्या वाढतात का? अशा एकसुरी येरझाऱ्यांचा अभ्यास झालेला आहे. जंगलात ज्या मांसभक्षकांचा वावर फार मोठ्या प्रदेशात असतो, तेच पिंजऱ्यात सर्वाधिक येरझाऱ्या घालतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले. पांढऱ्या अस्वलाचे प्राणिसंग्रहालयातले आवार त्याच्या नैसर्गिक वावरक्षेत्राच्या साधारण दहा लाखांश असते. हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. शाळेचे पटांगण हे वावरक्षेत्र धरले तर त्याचा दहा लाखावा भाग केवढा होतो, हे मुलांना काढायला सांगावे.

सहलीचा वार ठरवताना बुधवार टाळावा. राणीची बाग आणि कात्रज, दोन्ही बुधवारी बंद असतात. ही सुट्टी कर्मचाऱ्यांची आहे असे पुष्कळांना वाटते. पण त्या दिवशीही रखवालदार येतात, खाणे देतात, पिंजरे धुतात. आठवड्यातून निदान एक दिवस पाहुणे आत येऊ नयेत, असा १९९२ पासूनचा नियम आहे.